जुन्या जीपची टाकी कुठून गंजते

जुनी जीप किंवा जिप्सी घ्यायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो, मग चेसिसवर हात फिरवतो, पाटे पाहतो, फोर-व्हील लागतं का विचारतो. टाकीशी त्याचा संबंध येतो तो काटा हलतो की नाही एवढ्यापुरता. गाडी नव्याने रंगवलेली असेल तर तेवढंही नाही. वरून कीर्तन आतून तमाशा ही म्हण या गाड्यांच्या टाकीला चांगलीच लागू पडते. टाकी दोन्ही बाजूंनी गंजते आणि तिची एकही बाजू सहज नजरेला पडत नाही.

या गंजण्यालाही एक रीत आहे. आतून टाकी खालच्या बाजूने खाल्ली जाते. बाहेरून बहुतेक वेळा वरच्या बाजूने. एवढं ध्यानात ठेवलं की कुठे बघायचं, कशाचा वास घ्यायचा आणि कोणत्या दुरुस्तीवर पैसे घालवायचे नाहीत, हे बरंचसं उलगडतं.

आधी आतली बाजू. या टाक्या साधारण एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या असतात. पूर्वी अशा पत्र्यावर शिसं आणि कथिलाची कल्हई असे, आणि ती शाबूत असेपर्यंत पेट्रोल पत्र्याला काही करत नाही. नासधूस करतं ते पाणी. पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास आणि पाण्याचं एक किलो, त्यामुळे आत शिरलेला प्रत्येक थेंब तळाशी जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही.

पाणी येतं कुठून? मेकॅनिक सांगतात, ‘टाकीत दव धरतं.’ गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम यावा तसा टाकीच्या रिकाम्या भागात आतून घाम येतो, हे खरंच आहे. दिवसा टाकी तापते, वाफ आणि हवा बाहेर जाते. रात्री ती निवते आणि ओलसर हवा आत ओढते. पण हिशोब केला तर ही चोरी लहान आहे. पावसाळ्यातल्या ३० अंशांच्या ओल्याकंच हवेत घनमीटरला ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. जिप्सीची ४० लिटरची टाकी अख्खी रिकामी असली तरी त्यातल्या हवेत जेमतेम सव्वा ग्रॅम पाणी. रात्री पत्र्यावर जमतं ते त्याहूनही थोडं. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत थेंबे थेंबे तळं साचतं खरं, पण चालत्या गाडीत खरे गुन्हेगार निराळे असतात: झाकणाचं सुकलेलं रबर, धुताना मारलेला प्रेशरचा फवारा आणि ओढा ओलांडणं. शेवटचं तर खास या गाड्यांचं दुखणं. उन्हाने आणि सायलेन्सरच्या धगीने तापलेली टाकी गार पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि झाकणातून किंवा हवेच्या नळीतून बाहेरचं पाणी आत खेचते.

तळाशी पाणी आहे हे इंजिनाला लवकर कळत नाही, कारण पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंड तळापासून थोडं वर ठेवलेलं असतं. सपाट रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालते. घाट लागला, गाडी तिरकी झाली, की ते पाणी आणि लाल गाळ नळीच्या तोंडाशी येतो आणि गाडी मिसिंग करू लागते. मालक कार्बोरेटर उघडतो, जेट साफ करतो, फिल्टर बदलतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चढावरच झटके आणि खाली उतरल्यावर सगळं ठीक, असं दोनदा झालं तर टाकीचा तळ बघावा.

बघायची सोपी वाट म्हणजे ड्रेन नट सैल करून तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेणं. बाटली उभी ठेवली की खाली पाण्याचे मणी वेगळे होतात आणि त्यांच्याखाली तपकिरी पूड बसते. पूड मैद्यासारखी बारीक असेल तर गंज वरवरचा आहे. नखाएवढे पापुद्रे निघाले तर पत्रा सुटायला लागला. नट नसेल तर दांडीच्या टोकाला पंपावर असते ती पाणी शोधायची पेस्ट लावून टाकीत बुडवावी. पाण्याला लागली की तिचा रंग बदलतो. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायची आपल्याकडची सवय मात्र सोडावी. एक घोट छातीत गेला तर फुप्फुस सुजतं.

इथे इथेनॉलचाही विषय येतो. २०२३ पासून ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल पाणी शोषतं, म्हणजे थोडं पाणी ते स्वतःत मिसळून इंजिनात जाळूनही टाकतं. त्या अर्थी रोज पळणाऱ्या गाडीला ते उपकारकच. पण शोषायची मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी वेगळा थर होऊन बसतात. हा थर नुसत्या पाण्यापेक्षा पत्र्याला वाईट. शिवाय इथेनॉल जुना चिकटा सोडवतं, आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या त्याच्यासाठी बनलेल्याच नव्हत्या. वर्षात चार सहली करणाऱ्या गाडीला या गोष्टी जास्त भोवतात. डिझेलच्या जीपांत पाण्याच्या कडेला जंतू वाढून काळा शेवाळी चिकटा होतो, ते आणखी वेगळं.

आता बाहेरची बाजू. टाकीचा खालचा भाग पाण्याने, वाऱ्याने निदान धुतला तरी जातो. वरचा पत्रा आणि गाडीचा फ्लोअर यांच्यामध्ये बोटभर फट असते. तिथे चाकांनी उडवलेला चिखल जाऊन बसतो आणि दिवाळीपर्यंत ओला राहतो. चिखलाखाली प्राणवायू कमी, शेजारच्या उघड्या पत्र्यावर जास्त. या फरकाने विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि झिजतो तो प्राणवायू कमी असलेला भाग. म्हणून गंज सगळीकडे सारखा न पसरता टाचणीएवढा खड्डा पाडत थेट आरपार जातो. मालवण-रत्नागिरीकडच्या खाऱ्या हवेत हे काम आणखी झपाट्याने होतं, कारण मिठाचं पाणी वीज चांगली वाहतं. टाकीखाली दगडांपासून वाचवायला लोखंडी गार्ड लावलेला असेल तर त्याच्या आतही चिखल दबतो.

मूळ जीपची घडण या बाबतीत गमतीची आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची १५ गॅलनची, म्हणजे जवळजवळ ५७ लिटरची टाकी चालकाच्या सीटखाली, फ्लोअरमध्ये केलेल्या खोलगट भागात बसवलेली असे. पेट्रोल भरायला सीटची गादी उचलावी लागे. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत जीपा जुळवायला सुरुवात केली आणि ही घडण आपल्याकडे रुजली. त्या खोलग्याचं पाणी निघायचं भोक पाल्यामातीने बुजलं की टाकी डबक्यात बसल्यासारखी होते. अशी टाकी तळाशी आतून आणि बाहेरून एकदमच जाते.

वरच्या पत्र्याला किंवा भरायच्या नळीला भोक पडलं असेल तर त्याची खूण ठरलेली आहे: फुल टाकी केल्यावर वास येतो आणि एक-दोन दिवसांनी आपोआप जातो. लोक म्हणतात, पंपावरच्या पोराने सांडलं असेल. सांडलेलं पेट्रोल तासाभरात उडून जातं. दुसऱ्या दिवशीही वास असेल तर तो टाकीचाच. तळाच्या भोकाचा वास कायम राहतो, आणि तिथल्या धुळीवर काळसर, चिकट डाग दिसतो.

गंज टाकीलाच धरतो असंही नाही. टाकी ज्या पट्ट्यांवर टांगलेली असते, त्यांच्याखाली आवाज होऊ नये म्हणून रबर किंवा कापड घातलेलं असतं. ते ओल धरतं आणि पट्टा लपलेल्या बाजूने झिजतो. २०११ मध्ये अमेरिकेत फोर्डने सुमारे ११ लाख पिकअप ट्रक याच कारणाने परत बोलावले. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पट्टे खाल्ले जाऊन टाकी लोंबकळायची, रस्त्याला घासायची. त्या मानाने २०१३ चं जीप ग्रँड चेरोकी आणि लिबर्टीचं प्रकरण वेगळं: तिथे गंज नव्हता, टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे होती आणि मागून धडक बसली तर ती सापडे. क्रायस्लरने उपाय म्हणून १५ लाखांवर गाड्यांना मागे टो-हिच बसवून द्यायचं कबूल केलं. तोच धोका असूनही आपल्याकडे हौसेने गाडीच्या पाठीवर पेट्रोलने भरलेला जेरीकॅन टांगतात. ही शोभा मला कधी पटलेली नाही.

गळती सापडली की पहिला विचार वेल्डिंगचा येतो, आणि सगळ्यांत मोठा धोका तिथेच आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हा पेटते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आतल्या आत पेटणं अवघड. रिकामी करून दोन दिवस उघडी ठेवलेली टाकी मात्र नेमकी त्या टप्प्यात येऊन बसते. पापुद्र्यांखाली आणि जोडांच्या घडीत मुरलेलं पेट्रोल टॉर्च लागताच बाहेर येतं. ‘धुऊन आणली आहे’ या भरवशावर वेल्डिंग करू देऊ नये. जाणती रेडिएटरवाली माणसं टाकी गळ्यापर्यंत पाण्याने भरून, आत हवेला जागा न ठेवता, वरच्या भोकाला डाख देतात. तेही त्यांनीच करावं.

वाटेत गळू लागलं तर जुने ड्रायव्हर कपडे धुवायचा साबण मळून भोकावर दाबतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे घर गाठेपर्यंत तो टिकतो. एम-सील कोरड्या पत्र्यावरच धरतं, ओघळत्या पेट्रोलवर नाही. आतून ओतायचं लायनिंग चांगलं, पण गंज अ‍ॅसिडने पुरता काढून, टाकी खडखडीत वाळवून मगच. नाहीतर वर्षभरात ते कातडीसारखं सुटतं आणि नळीच्या तोंडात अडकतं. आरपार भोक एक दिसलं की न दिसणारी आणखी असतात, म्हणून अशा टाकीला डागडुजी करण्यापेक्षा नवी बसवावी असं माझं मत आहे. जीप आणि जिप्सीच्या टाक्या बाजारात मिळतात.

टाकी उतरवताना गाडी वर्कशॉपच्या खड्ड्यावर घेऊ नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती खड्ड्यात साचते. बॅटरीची तार आधी काढावी, आणि आत डोकावायला बल्बचा हातदिवा वापरू नये. नवी टाकी बसवताना रबरी नळ्या, क्लिपा आणि झाकणाचं रबर त्याच दिवशी बदलून घ्यावं. जुनी नळी नव्या तोंडावर ताणली की क्लिपेच्या कडेलाच चिरते.