हाताला मुंग्या का येतात ?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

मी कला शाखेचा विद्यार्थी. शरीरशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापुरताच. तेव्हा चेतातंतूंवर मी लिहावे, हे काही प्राध्यापकांना आगाऊपणाचे वाटेल. परंतु हा विषय दोन वर्षे आमच्या घरात मुक्कामाला होता आणि घरातल्या कुणालाच त्याची ओळख पटली नव्हती.

माझी माय पहाटे म्हशीचे दूध काढते. दिवसभर खुरपणी, नाहीतर कापसाची वेचणी. संध्याकाळी पुन्हा म्हैस आणि मग भाकरी. दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत तिचा उजवा हात रात्री भारून येई. ती अंधारात उठून हात झटकीत बसे. विचारले तर म्हणे, "काही नाही रे, हात झोपला जरासा." पुढे सुई बोटांतून निसटू लागली. भाकरी उलटताना चटका बसला तरी तिला उशिरा कळे. एके दिवशी माझ्या ध्यानात आले की, तिने आपले ताट नि पेला वेगळा ठेवला आहे. खोदून विचारले तेव्हा ती रडू लागली. बधिर हात म्हणजे महारोग, असे तिच्या मनाने घेतले होते. ताईची सोयरीक जुळत आली होती. ती मोडेल या धास्तीने तिने तोंड उघडले नव्हते.

आता तिच्या हातात काय घडत होते ते पाहू. मज्जारज्जूतून निघालेले चेतातंतू हातापायांच्या टोकापर्यंत जातात. वाटेत काही अरुंद जागा लागतात. मनगटाच्या तळहाताकडील बाजूस असाच एक बोगदा आहे. त्याचा तळ आठ लहान हाडांचा आणि छत एका चिवट पट्ट्याचे. त्यातून बोटे मिटणाऱ्या स्नायूंचे नऊ दोर जातात आणि त्यांच्या सोबतीला एक चेतातंतू. हाडे सरकत नाहीत, पट्टा ताणत नाही. दोरांची आवरणे सुजली की जागा कमी पडते आणि सगळा दाब त्या मऊ चेतातंतूवर येतो. त्याचा रक्तपुरवठा मंदावतो, निरोप अडतात. झोपेत मनगट दुमडले जाते, म्हणून त्रास रात्रीचा. डॉक्टर याला 'कार्पल टनेल सिंड्रोम' म्हणतात.

हे का होते ? जोर लावून तीच ती हालचाल करणे हे एक कारण. हादरणारी यंत्रे हातात धरणाऱ्या कामगारांनाही हा त्रास होतो. पण सगळा दोष बिचाऱ्या म्हशीवर टाकू नये. मधुमेह, मंदावलेली थायरॉईड ग्रंथी, संधिवात, गरोदरपण, पूर्वी मोडलेले मनगट, यांतूनही तो उद्भवतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. म्हणूनच मायच्या रक्तातील साखर व थायरॉईड आधी तपासले गेले.

निदानाची रीत मला फार आवडली. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "मावशी, करंगळी बधिर होते का ?" माय म्हणाली, "नाही, ती चांगली हाये." या एका उत्तराने अर्धे काम झाले. मनगटात दबणारा चेतातंतू अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळतो. करंगळी नि अनामिकेची उरलेली बाजू दुसऱ्याच्या ताब्यात असते. तो कोपरामागून जातो. कोपर आपटल्यावर झिणझिणी येते ती त्याचीच. मग डॉक्टरांनी दोन्ही मनगटे एक मिनिट दुमडून धरायला सांगितली. मिनिट भरायच्या आत मुंग्या आल्या. ही चाचणी जॉर्ज फॅलेन या अमेरिकन शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाते. मनगटावर टिचक्या मारून पाहण्याची दुसरी, फ्रेंच डॉक्टर ज्युल टिनेल यांची, १९१५ सालची. शेवटी विजेच्या सौम्य झटक्याने चेतातंतूचा वेग मोजला.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट केली. अंगावर बधिर चट्टे आहेत का आणि कोपरामागचा चेतातंतू जाड झाला आहे का, हेही चाचपले. कुष्ठरोगातही चेतातंतू सुजतो आणि अरुंद जागी दाबला जातो. म्हणजे मायची शंका अगदीच अडाणीपणाची नव्हती. चूक होती ती लपविण्यात. कुष्ठरोग असता तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचे औषध मोफत मिळते आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पुरा होतो. हा रोग घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होता, तोही २०१९ साली वगळला गेला. गावातल्या सोयरिकींपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे !

जाता जाता खुरपणी करणाऱ्यांसाठी एक सांगतो. तासन्‌तास उकिडवे बसल्याने गुडघ्याच्या बाहेरील अंगाचा चेतातंतूही दबतो. मग पाऊल वर उचलत नाही, चालताना बोटे जमिनीला घासतात. मधून मधून उठून उभे राहणे हा त्यावरचा बिनपैशाचा उपाय.

मनगटाच्या दुखण्यात आधी रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधतात आणि हाताला विसावा देतात. भागले नाही तर बोगद्यात इंजेक्शन. अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा खपाटीला जाऊ लागला असेल, तर मात्र वेळ घालवून चालत नाही. तेवढाच भाग बधिर करून तो चिवट पट्टा कापतात. मायचा उंचवटा तोवर खपाटीला गेला होता. तिची शस्त्रक्रिया झाली आणि ती त्याच दिवशी घरी आली. आठवडाभरात रात्रीचे जागरण थांबले. ताट तर निदान कळले त्या संध्याकाळीच आमच्या ताटांत मिसळले होते. ताईचे लग्नही ठरल्या तिथीला झाले. पण दोन वर्षांत झिजलेला स्नायू पुरता भरून आलेला नाही. दूध ती आता डाव्या हाताने अधिक काढते आणि सुईत दोरा ओवायला मला हाक मारते.