आर्तवविकारांत थायरॉईडचा विचार

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यात स्त्री रुग्णा वैद्याकडे येते ती बहुधा थकवा किंवा अंगदुखी सांगत. पाळीची तक्रार विचारल्यावरच निघते. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळले; पूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. त्या अभ्यासाचा विषय थायरॉईड नव्हता. परंतु न विचारलेला रोग सापडत नाही, हा त्याचा बोध येथेही लागू पडतो.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात गलगंड वर्णिला आहे. तथापि थायरॉईडमांद्याच्या अनेक रुग्णांत गळ्यावर गाठ दिसतच नाही. थायरॉक्सिन घटले की मेंदूतील टी.आर.एच. वाढते, त्यायोगे प्रोलॅक्टिनही वाढू शकते व बीजोत्सर्गात अडथळा येतो. अत्यार्तव, अनियमित पाळी, वंध्यत्व, गर्भस्राव ही त्याची फळे होत. आपल्या परिभाषेत यास धात्वग्निमांद्य म्हणता येईल. रसधातू बिघडला की त्याचा उपधातू आर्तवही बिघडते. म्हणून अशा रुग्णांत टी.एस.एच. तपासणी अवश्य करून घ्यावी.

अत्यार्तवातून पांडू होतो आणि आपण लोहकल्प योजतो. या भागात सिकलसेल आढळत असल्याने त्याची तपासणी आधी व्हावी. शिवाय रुग्णा थायरॉक्सिन घेत असल्यास लोह व कॅल्शियम त्याचे शोषण घटवतात. आधुनिक लोह-कॅल्शियम गोळ्यांसाठी चार तासांचे अंतर सांगितले जाते. मंडूर, लोहभस्म, शंखभस्म, प्रवाळ यांनाही आम्ही तोच नियम लावतो. औषधी विक्रेत्यांनी हे कल्प देताना "थायरॉईडची गोळी चालू आहे काय?" एवढे विचारले तरी मोठे काम होईल.

कांचनार गुग्गुळ सुरू केला म्हणून थायरॉक्सिन परस्पर बंद करू नये. गर्भिणीत तर मुळीच नको. गर्भाची स्वतःची ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांत पुरेशी कार्यक्षम नसते, तो मातेच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतो. त्या काळात मात्रा बहुधा २५ ते ३० टक्के वाढवावी लागते. अश्वगंधाही थायरॉक्सिन वाढवू शकते. ती चालू असल्यास टी.एस.एच. पुन्हा पाहावे.

आयोडिनयुक्त मीठ बंद डब्यात ठेवावे, हे पथ्यही प्रत्येक रुग्णेस सांगावे. आपली चिकित्सा आणि ही दक्षता यांत विरोध नाही. दोन्ही मिळूनच रुग्णेचे हित साधते.