पानाआडचे घरटे

रविवारी पहाटे मी कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून निघालो, की सौ. ठरलेला प्रश्न विचारते, "आज तरी पक्षी दिसेल असा फोटो आणणार, की पुन्हा फांद्याच?" प्रश्न रास्त आहे. पहिली दोन वर्षे माझ्या फोटोंत फांद्याच जास्त असत. पक्षी कुठे आहे ते पाहुण्यांना बोट ठेवून दाखवावे लागे. आपल्या सहलींना हल्ली बरेच जण चांगले कॅमेरे घेऊन येतात आणि त्यांचीही तक्रार साधारण हीच असते. म्हणून या छंदामागचे थोडे शास्त्र, सिंगापूरच्या हवेला लागू पडेल अशा रीतीने, येथे मांडतो. शेवटी माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगणार आहे. किंबहुना लेख लिहायला बसलो तो तिच्यामुळेच.

ओळखीची मंडळी

सिंगापूर म्हणजे काँक्रीट, हा आपला समज पहिल्याच सहलीत गळून पडतो. येथला पांढऱ्या गळ्याचा खंड्या आपल्या विहिरीवरचाच. 'टुक टुक' करणारा तांबट तोच. कोकिळ तर इतका मुक्कामाला आहे, की पहाटे पाचला त्याच्या ओरडण्याने शेजारी वैतागतात आणि आपल्याला मात्र आंब्याचे दिवस आठवतात. महाराष्ट्राचे राज्यफूल ताम्हण येथे रस्त्याच्या कडेला हौसेने लावलेले आहे. आपला राज्यपक्षी हरियल येथे नाही, पण त्याचा चुलतभाऊ, गुलाबी मानेचे हिरवे कबुतर, वड-पिंपळाच्या जातीच्या झाडांवर फळे खाताना थव्याने दिसतो.

पाहुणे पाहायचे तर सुंगेई बुलोला जावे. ही मूळची कोळंबीची तळी. १९८६ साली पक्षिनिरीक्षकांच्या नजरेला तेथली श्रीमंती आली, त्यांनी ती जपण्याचा आग्रह धरला, १९९३ साली तेथे निसर्ग-उद्यान झाले आणि २००२ साली त्याला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. सप्टेंबर ते मार्च या काळात सायबेरियाकडून येणारे सोनेरी चिखल्या, तुतवार वगैरे पक्षी येथे उतरतात. जाण्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक जरूर पाहावे. भरती आली की बाहेरचा चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी आतल्या तळ्यांच्या बांधावर येऊन बसतात, म्हणजे आपल्या जवळ येतात. माझ्या पहिल्या तीन फेऱ्या हे न कळल्याने फुकट गेल्या.

काचेवरचे धुके

माझी डॉक्टरेट उष्णता-संक्रमणातली. पुढे पोट भरले सॉफ्टवेअरने. जुन्या अभ्यासाचा उपयोग मला झाला तो लेन्सवर. येथल्या हवेचा दवबिंदू बहुतेक दिवस २४-२५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. आपण कॅमेरा ठेवतो तो रात्रभर एअरकंडिशनर चालणाऱ्या खोलीत, २२-२३ अंशांवर. म्हणजे काच दवबिंदूपेक्षा थंड. बाहेर येताच हवेतली वाफ तिच्यावर जमते, फ्रिजमधून काढलेल्या ताकाच्या तांब्यावर जमते तशी. पुसून उपयोग नाही. काच थंड आहे तोवर धुके पुन्हा येणार. उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास कॅमेरा बंद पिशवीत ठेवून ती पिशवी एअरकंडिशनर नसलेल्या खोलीत ठेवावी. पिशवी उघडायची घाई करू नये. काच सावकाश तापते आणि दमट हवा तिला लागत नाही.

याच दमटपणामुळे लेन्समध्ये बुरशीचे बारीक तंतू वाढतात. त्यासाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे छोटे कपाट, म्हणजे ड्राय कॅबिनेट, येथे चैन नसून गरज आहे.

उजेडाचा हिशेब

सिंगापूरला सूर्योदय वर्षभर सातच्या आगेमागे होतो आणि सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, तासाला सुमारे १५ अंश. नऊ वाजता तो ३० अंशांवर असतो. त्यानंतर ऊन पांढरे होते, पक्ष्याच्या पोटाखाली काळी सावली पडते आणि पक्षीही पानांत शिरतात. थोडक्यात, कामाचे दोनच तास: सात ते नऊ. नाश्ता करून निघणाऱ्याला फोटो मिळत नाही.

मॅकरिचीसारख्या दाट झाडीत अडचण उलट आहे. पावसाळी जंगलात वरच्या पानांवर पडणाऱ्या उजेडापैकी शेकडा एक-दोन भागच जमिनीपर्यंत पोचतो. बाहेर जिथे शटर १/२००० सेकंद चालते, तिथे आत सरासरी १/३० सेकंद लागते. तेवढ्यात पक्षी मान दोनदा वळवतो. अशा वेळी तिपाई वापरावी, आयएसओ वाढवावा आणि फोटो थोडा दाणेदार आला तर खुशाल येऊ द्यावा. दाणेदार खंड्या ओळखू येतो, हललेला येत नाही.

आणखी एक. कॅमेऱ्यातले प्रकाशमापक सगळे जग मध्यम करडे आहे असे मानून चालते. काळ्या खारफुटीपुढे पांढरा बगळा उभा असला, की ते अंधाराला भुलून जास्त उजेड आत घेते आणि बगळ्याची पिसे जाऊन पांढरा डाग उरतो. तेव्हा एक्स्पोजर एक पायरी खाली आणावे. उजळ आकाशापुढच्या काळ्या पक्ष्यासाठी उलट करावे.

अंतर

२८ सेंटिमीटरचा खंड्या १५ मीटरवर बसला असेल आणि लेन्स ४०० मिलिमीटरची असेल, तर फिल्मच्या आकाराच्या सेन्सरवर त्याची प्रतिमा साधारण साडेसात मिलिमीटर पडते. चौकटीची उंची २४ मिलिमीटर, म्हणजे पक्षी एक-तृतीयांशाहून थोडा कमी. आठ मीटरवर गेलात तर प्रतिमा जवळजवळ दुप्पट होते. म्हणून प्रत्येकाला पुढे सरकण्याचा मोह होतो. पण गणित फक्त फोटोचे असते. पक्ष्याचे गणित निराळे. आपण एका ठिकाणी गप्प बसलो, तर पुष्कळदा तोच जवळ येतो.

फुलांचे तसे नाही. फूल पळत नाही. तेथे अडचण खोलीची. फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराइतके उमटवायचे तर एफ-८ वर स्पष्टतेची खोली जेमतेम १ मिलिमीटर मिळते. पुंकेसर स्पष्ट आला की पाकळी धूसर. म्हणून कोणता भाग महत्त्वाचा ते आधी ठरवावे आणि कॅमेरा त्याला समांतर धरावा. सरावाला बोटॅनिक गार्डन्ससारखी जागा नाही. १८५९ सालापासूनची ही बाग २०१५ साली जागतिक वारसा ठरली आणि पहाटे पाचला उघडते. १९८१ साली राष्ट्रीय फूल म्हणून निवडलेले व्हांडा मिस जोआकिम हे ऑर्किड येथे शांतपणे टिपता येते.

एक चूक

आता ती गोष्ट. आमच्या गॅलरीतल्या कुंडीतल्या झाडाला एका वर्षी शिंजिराने घरटे टांगले. कोळ्याची जाळी, गवत आणि कापूस यांची लांबट पिशवी, बाजूला दार आणि दारावर छोटी पडवी. अंगठ्याएवढी पाखरे सबंध दिवस धावपळ करीत. दोन पिले निघाली. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तरासकट काचेशी बसायची.

घरट्यापुढे दोन मोठी पाने होती. त्यामुळे फोटो अंधारा येई. एका शनिवारी मी ती पाने दोऱ्याने मागे बांधली, चार फुटांवर तिपाई लावली आणि फ्लॅश घेऊन दोन तास उभा राहिलो. मादी चोचीत किडा घेऊन अनेकदा आली, रेलिंगवर बसली, परत गेली. शेवटी धीर करून आत आली आणि मला फोटो मिळाला. डोळा स्वच्छ, पंखांचा हिरवट रंग, दोन उघड्या चोची. त्यानंतर पाऊस आला आणि मी घाईघाईने आत गेलो. दोरा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरटे रिकामे होते. पिले कोणी नेली ते आम्ही पाहिले नाही. समोरच्या छपरावर कावळे होते, एवढे खरे. मुलगी बराच वेळ झाडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही पानं सोडलीच नाहीत का?"

मला अडचण वाटलेली ती पाने त्या मादीने निवडलेली होती. तेच छप्पर आणि तोच आडोसा. माझ्या फोटोला हवा असलेला उजेड कावळ्याच्या नजरेलाही हवा होता. शिवाय मी उभा होतो तेवढे दोन तास पिले बहुतांशी उपाशी होती. इंजिनिअर म्हणवणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते. तो फोटो माझ्या सगळ्या फोटोंत तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे. मी तो मंडळात कधी दाखवला नाही.

तेव्हापासून आमच्या घरचे नियम ठरले आहेत. घरट्याजवळ कॅमेरा न्यायचा नाही आणि त्याचा पत्ता इतरांना सांगायचा नाही. पक्ष्याने खाणे थांबवून आपल्याकडे पाहिले, की दोन पावले मागे जायचे. ध्वनिमुद्रित आवाज लावून त्याला बोलवायचे नाही. आमिष टाकायचे नाही. २०२० पासून वन्य प्राण्यापक्ष्यांना खाऊ घालणे येथे कायद्याने गुन्हाच आहे, आणि पहिल्या खेपेला ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

जपले तर काय होते, तेही याच बेटावर पाहायला मिळते. धनेश सिंगापुरातून एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला होता. १९९४ साली पुलाउ उबिनवर तो पुन्हा दिसला. नंतर त्याच्यासाठी लाकडी पेट्यांची घरटी टांगली गेली, आणि आज तो इमारतींच्या गच्च्यांवरही बसलेला दिसतो.

आमच्या गॅलरीत शिंजीर दोन वर्षांनी पुन्हा आले. या खेपेस कॅमेरा कपाटातच राहिला. पिले उडून गेल्यावर मुलीने आतल्या खोलीतून, काचेमागून, रिकाम्या घरट्याचा एक फोटो काढला. त्यात पुढे दोन मोठी पाने आली आहेत आणि घरटे अर्धे झाकले गेले आहे. तो मात्र आम्ही चौकटीत घालून भिंतीवर लावला आहे. सौ.ने या वेळी फांद्यांविषयी काही विचारले नाही.