जुन्या पिकअपचा ब्रेक ‘स्पंजी’ झालाय? लाइनमधली हवा अशी काढतात

पेडल दाबलं की खाली जातं, पण गाडी थांबत नाही. दोन-तीनदा पंप मारल्यावर कुठे ब्रेक लागतो. घरी जुनी बोलेरो पिकअप किंवा टाटा 207 असेल तर ही तक्रार तुम्ही ऐकलीच असेल. मेकॅनिक म्हणतात, लाइनने ‘एअर घेतली’.

ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दाबली जाते आणि तुमचा जोर तिथेच संपतो. ऑइल कमी पडलं, कुठे गळती झाली किंवा दुरुस्तीत पाइप उघडला, की हवा आत शिरते. दुसरं कारण लपलेलं असतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रकारचं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा 140 पर्यंत येते. माल भरून कसारा घाट उतरताना ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकदम मऊ पडतं. खाली येऊन गाडी गार झाली की ब्रेक पुन्हा ठीक! म्हणून बरेच जण दुर्लक्ष करतात.

हवा काढायला दोघं लागतात. इंजिन बंद, चाकांना ठोकळे. टाकीतलं काळं ऑइल काढून, झाकणावर लिहिलेल्या प्रकारचं नवं सीलबंद ऑइल भरा. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबरी सील फुगतात.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. अमेरिकन व्हिडिओत मागच्या उजव्याने सुरू करतात, कारण त्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. तो क्रम तसाच उचलू नका.

निप्पलला पारदर्शक नळी लावा. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं. वरचा माणूस पेडल सावकाश दाबून धरतो, तुम्ही रिंग पान्याने निप्पल पाव-अर्धा फेरा सोडता, बुडबुडे येतात, निप्पल बंद करता आणि मगच ओरडता, “सोड!” हा क्रम उलटला तर नळीतली हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालू. दर पाच-सहा दाबांनी टाकी बघा. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

आता जुन्या पिकअपची खास गोम. बऱ्याच गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. माल कमी असेल तर तो मागचा ब्रेक दाब कमी करतो. चॅसी जॅकवर उचलून अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवला तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागे ऑइल नीट पोचतच नाही. तासभर पंप मारूनही पेडल मऊच! म्हणून चाकं जमिनीवर ठेवा किंवा स्टँड अ‍ॅक्सलखालीच लावा.

पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा टोकाचा भाग वापरात नसल्याने खरबरीत झालेला असतो. पेडल तळाला नेलं की सील तिथे घासून फाटतं. गंजलेल्या निप्पलवरही जोर लावू नका. गंज सोडवणारं ऑइल मारून रात्रभर ठेवा. तुटलं तर अख्खा व्हील सिलिंडर बदलावा लागू शकतो.

हवा काढूनही पेडल खोल, पण कडक असेल, तर मागच्या ब्रेक शूजचा गॅप वाढलाय. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडर गेलाय किंवा गळती आहे. अशी गाडी रस्त्यावर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

सगळं ठीक वाटलं तरी पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, रिकामी गाडी, अगदी हळू. पत्र्यावर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग निघतो.