शेंदूर, सिमेंट आणि जुनी देवळे

जुनी वास्तू पूर्वीच्या रूपात परत आणणे याला इंग्रजीत ‘रिस्टोअर’ करणे म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘जीर्णोद्धार’ हा शब्द सर्रास वापरला जातो. मात्र गळके छत बुजवणे, नवा सभामंडप बांधणे, जुने पाडून संगमरवरी देऊळ उभे करणे, हे सगळेच त्यात खपून जाते. पुरातत्त्वाच्या कामात ही कामे वेगवेगळी धरतात. ऑस्ट्रेलियात 1979 साली मान्य झालेल्या ‘बुर्रा सनदे’ने त्यांच्या व्याख्या ठरवल्या. आहे ते आहे तसे टिकवणे म्हणजे जतन. नंतर चढलेले थर उतरवून किंवा निखळलेले मूळ भाग जागेवर बसवून वास्तू आधीच्या माहीत असलेल्या रूपात आणणे म्हणजे रिस्टोअर करणे, आणि त्यात नवे साहित्य आणायचे नसते. नवे साहित्य आले की ती पुनर्बांधणी होते.

खान्देशातल्या भाविकांना यातला मधला प्रकार वणीच्या गडावर पाहायला मिळाला. चैत्रात इकडून पायी जाणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सप्तशृंगीचे जे शेंदरी रूप होते, ते पिढ्यान्‌पिढ्या चढवलेल्या शेंदराच्या थरांचे होते. 2022 साली मंदिर काही आठवडे बंद ठेवून हजार किलोहून जास्त शेंदूर उतरवण्यात आला. आतून कातळातली मूळ अठरा हातांची मूर्ती दिसली, आणि नवरात्रात दर्शन पुन्हा सुरू झाले. घडवलेले काहीच नवे नव्हते, फक्त वरचे काढले होते. 2024 साली पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यातही चांदीचे आच्छादन काढून मूळ दगड उघडा करण्यात आला. त्या कामासाठी 15 मार्चपासून 2 जूनपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद होते. कोथळीहून मुक्ताईची पालखी घेऊन गेलेल्या वारकऱ्यांना त्या आषाढीत वेगळाच गाभारा दिसला असणार.

अहिल्याबाई होळकरांचे काम मात्र बहुतांशी पुनर्बांधणीचे. काशीचे विश्वनाथ मंदिर त्यांनी 1780च्या सुमारास नव्याने उभारले. आधीचे देऊळ नष्ट झालेले होते, त्यामुळे ‘पूर्वीच्या रूपात’ आणायला हातात काही उरलेच नव्हते. त्या कामाला आजच्या व्याख्येची पट्टी लावण्यात अर्थ नाही. देवळात पूजा पुन्हा सुरू होणे हाच तेव्हाचा हेतू होता.

चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीही अंगाशी येऊ शकते, याचा धडा अजिंठ्याने दिला. हैदराबादच्या निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून तिथली चित्रे दुरुस्त करून घेतली. सुटणारे रंग धरून ठेवण्यासाठी त्यांनी लाखेचे वार्निश दिले. काही वर्षांत ते पिवळे पडले, त्यावर धूळ बसली आणि चित्रे काळवंडली. ते वार्निश उतरवण्याचे नाजूक काम पुरातत्त्व विभागाला पुढे बराच काळ करावे लागले. म्हणूनच आता उपाय असा निवडतात की गरज पडल्यास तो काढता यावा. 1964च्या व्हेनिस सनदेने तर स्पष्टच म्हटले, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे रिस्टोअर करणे थांबले पाहिजे.

मुक्ताईनगर तालुक्यात याचा थेट संबंध चांगदेव गावाशी येतो. तापी-पूर्णेच्या संगमावर, हतनूर धरणाच्या फुगवट्याजवळ चांगदेवांचे जुने पाषाणमंदिर आहे. ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, म्हणजे इथे भर जतनावर असतो. ज्याला लोक हेमाडपंती म्हणतात, त्या प्रकारच्या देवळांत दगडांच्या खाचा आणि वजन यांवरच भिंत उभी राहते, चुन्याचा वापर नाममात्र किंवा मुळीच नाही. सांधे उघडे पडले, मुळे शिरली, की दगड सरकतात. मग दगडांवर नंबर टाकून, फोटो आणि मोजमापे घेऊन ते उतरवतात आणि त्याच क्रमाने परत बसवतात.

इथे सिमेंट हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय. चुन्यातून ओल बाहेर निघून जाते. सिमेंट ती अडवते, आणि अडलेल्या पाण्यातले क्षार दगडाच्या पृष्ठभागावर येऊन त्याचे पापुद्रे सुटतात. शिवाय सिमेंट दगडापेक्षा पक्के धरते, त्यामुळे पुढे ते काढताना मूळ कोर निघून येते. ऑइल पेंटचेही तसेच. रंगाखाली कोरीव कामाची धार बुजते आणि दगडाला श्वास घ्यायला जागा राहत नाही. भाविकांची भक्ती खरी असते, पण दरवर्षीचा चकचकीत हात मूर्तीच्या नाकडोळ्यांना भोवतो.

कायद्यानेही मर्यादा आहेत. 1958च्या केंद्रीय कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. या पट्ट्यात असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, पण आधी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. केंद्राच्या यादीत नसलेली देवळे राज्याच्या 1960च्या कायद्याखाली येऊ शकतात. उरलेल्या असंख्य देवळांचा निर्णय गावकरी आणि विश्वस्तच घेतात.