स्वयंमूल्यमापन: निर्णयात आणि वर्गात
महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयान्वये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची जी पद्धती जारी केली, तिच्या आकारिक साधनतंत्रांत निरीक्षण, तोंडीकाम, प्रकल्प, चाचणी यांच्या जोडीला स्वयंमूल्यमापनाचाही अंतर्भाव होता. मात्र यादीच्या शेवटी, ‘इतर’ या सदराखाली. ते स्थान मला अन्यायाचे वाटते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात तर या साधनाचे मोल विशेष आहे. भामरागड-एटापल्लीकडील ज्या मुलाच्या घरची भाषा माडिया आणि पाठ्यपुस्तकाची मराठी, त्याचे उत्तर चुकले असता गणित अडले की भाषा अडली, हे गुणपत्रक सांगू शकत नाही. ते मूलच सांगू शकते. गुणाकार सोडवून झाल्यावर वहीच्या समासात ‘हातचा मिळवायचा राहिला’ किंवा ‘प्रत्येकी म्हणजे काय ते समजले नाही’ अशी एक ओळ त्याने लिहिली, अथवा लिहिणे जड गेल्यास माडियातच सांगितली, तर शिक्षकास दुसऱ्या दिवशीच्या पाठाची दिशा गवसते. त्या ओळीला गुण देऊ नयेत. गुणांच्या भयाने मूल खरे लिहीत नाही. आठवड्याची एक तासिका तरी शिक्षकांनी याकरिता राखून ठेवावी, ही आग्रहाची विनंती.