गॅलीना : ओहोटीने राखलेले गाव

अमेरिकेच्या इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यात गॅलीना हे जो डेव्हीस काउंटीचे मुख्य ठाणे आहे. लोकवस्ती जेमतेम सव्वातीन हजार. तरीही गावातील बहुसंख्य इमारती गेल्या शतकामागच्या शतकातील असून, १९६९ साली त्या देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदीत या गावाचा मोठा भाग समाविष्ट झाला. इतके जुने वैभव एवढ्याशा गावात टिकले कसे, हा प्रश्न सहजच मनात येतो.

गॅलीना हे शिशाच्या खनिजाचे नाव. गोरे लोक येण्यापूर्वीपासून सॉक व मेस्क्वाकी जमाती येथे शिसे काढीत असत. १८२० नंतर खाणवाल्यांची रीघ लागली, आणि मिसिसिपीला मिळणाऱ्या येथील छोट्या नदीतून आगबोटी शिसे वाहून नेऊ लागल्या. पैसा आला, तशी घरे आली. नदीकाठाने वळत जाणारी विटांच्या दुकानांची रांग, १८४५-४६ मध्ये बांधलेली मंडई, आणि टेकडीवर, पायऱ्यांच्या लांबच लांब वाटा चढून गेल्यावर, धनिकांचे वाडे. काँग्रेसचे सभासद एलिह्यू वॉशबर्न यांच्या घराला ग्रीक देवळासारखे खांब आहेत.

परंतु ज्या उद्योगाने गाव वाढविले, त्यानेच त्याचा पायाही पोखरला. शिसे वितळविण्यासाठी आसपासची झाडे तोडली गेली, उघड्या उतारांवरची माती पावसाबरोबर नदीत उतरली, आणि बंदर गाळाने भरत गेले. त्यातच रेल्वे आली आणि व्यापार बंदर सोडून दुसरीकडे वळला. या स्थित्यंतराची साक्ष डी सोटो हाउस हे हॉटेल देते. १८५५ साली ते मोठ्या डौलाने पाच मजल्यांचे उघडले. पुढच्याच वर्षी त्याच्या सज्जावरून लिंकनने भाषण केले. १८८० साली त्याचे वरचे दोन मजले उतरवावे लागले.

गावाचे सर्वांत प्रसिद्ध रहिवासी म्हणजे युलिसिस ग्रँट. १८६० मध्ये ते वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करण्यासाठी आले आणि भाड्याच्या साध्या घरात राहिले. पाच वर्षांनी यादवी युद्धाचे विजयी सेनापती म्हणून परतले, तेव्हा नागरिकांनी त्यांना विटांचे, रुंद पाख्यांचे एक प्रशस्त घर भेट दिले. १८६८ साली अध्यक्षपदी निवड झाल्याची वार्ता मात्र त्यांनी वॉशबर्न यांच्या घरी बसविलेल्या तारयंत्रावर ऐकली. पुढे जगप्रवासात १८७९ च्या फेब्रुवारीत ते मुंबईला उतरले होते. त्याच वर्षीच्या अखेरीस ते गॅलीनाला परतले. आज हे घर राज्याच्या ताब्यात असून त्यांच्या कुटुंबाचे बरेचसे सामान तेथे पाहावयास मिळते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. श्रीमंत शहरे जुनी घरे पाडून नवी उभारतात. गॅलीनापाशी पाडण्याइतकाही पैसा उरला नव्हता. दारिद्र्य हे जतनाचे धोरण नव्हे. पण अनेकदा तेच पहिला रखवालदार ठरते. ही रखवाली फार काळ पुरत नाही; छप्पर गळू लागले की तिचे सामर्थ्य संपते. पुढे माणसांनी जाणीवपूर्वक हात लावला, आणि आता प्रवाशांच्या येण्याने गावाला पुन्हा बरकत आली आहे. त्याबरोबर नवा धोकाही आहे. दुकान गावकऱ्यांच्या गरजेचे न राहता केवळ पाहुण्यांच्या कौतुकाचे झाले, तर भिंती उभ्या राहूनही गाव हरवेल.

म्हणून मला तेथील टपालकचेरी विशेष महत्त्वाची वाटते. जकातघर आणि टपालकचेरी म्हणून बांधलेल्या या दगडी इमारतीवर १८५७ पासून देखरेख केली ती सेनेका जमातीतील इलाय पार्कर या अभियंत्याने. पुढे १८६५ मध्ये ग्रँटच्या हाताखाली, दक्षिणेच्या सेनेच्या शरणागतीच्या अटींची अखेरची प्रत त्यानेच लिहिली. जकात संपली, आगबोटी गेल्या. टपालाचे काम तेथे चालूच राहिले. जुन्या वास्तूला याहून मोठा सन्मान क्वचितच लाभत असेल.